तिसऱ्या दुर्बिणीतला डाग

ऑर्विल ट्वेटने रायफलवर बसवायची तिसरी दुर्बीण माझ्या टेबलावर आपटली. "रूबेन, हिच्यातही डाग! काचा विकतोस की बाटल्यांची बुडं?"

आमच्या मोंटानात हजार यार्डांवर नेम चुकला की माणूस आधी वाऱ्याला शिव्या घालतो, मग काडतूस बदलतो, मग दुर्बीण. स्वतःवर संशय कधीच घेत नाही. आम्ही बंदुका विकणारे या मूर्खपणावरच जेवतो. वसंतात मीच ऑर्विलला जुनी, जाड गोळीची तीनशे-आठ सोडून साडेसहा मिलिमीटरची रायफल घ्यायला लावली होती. गोळी सडपातळ, वाऱ्याने कमी ढळते, खांद्याला धक्काही कमी. सल्ला खोटा नव्हता. तरी त्याच्या गोळ्या निशाणाची लोखंडी पाटी सोडून मातीतच. मग जास्त पटीची दुर्बीण दिली. मग त्याहून मोठी.

"डाग कुठेय?"

"बरोबर मधे. करडा. नेमाच्या फुलीवरच बसलाय हरामखोर."

मी काच उजेडात धरली. लख्ख. तीन दुर्बिणींत एकाच जागी डाग पडत नसतो.

मागच्या दारात वाळूच्या पिशवीवर नुसती दुर्बीण ठेवून त्याला बसवलं. "टेकडीवरच्या टाकीला शिडी आहे. तिच्यावर काय दिसतं?"

"काय असणार? माकड?"

शिडीवर लाल सदऱ्यातला रंगारी होता.

"डावा डोळा लाव."

त्याने लावला. मग दुर्बीण बाजूला सारली. "डाव्याने मला कधीच जमलं नाही."

दाराशी त्याची बायको मार्व्हा उभी होती. हळूच म्हणाली, "तूच सांग त्याला. डॉक्टरचं ऐकत नाही. दोन्ही डोळ्यांची मधली नजर जातेय."

"कधीपासून माहीत आहे?"

"हिवाळ्यापासून."

"आणि मला दुर्बिणी विकू दिल्यास? लाज नाही वाटली?"

"नवी दुर्बीण आली की तो सकाळी उठायचा तरी, रूबेन."

तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. विकल्या तर मीच होत्या.

"कुजबुज पुरे," ऑर्विल म्हणाला. "चाळीस पटीची येते ना? शनिवारी सामना आहे. मागव."

"ऑर्विल, अरे, तुझा डोळा..."

"येते की नाही, एवढंच सांग."

तो माझ्याकडे बघत होता. म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला.

"येते," मी म्हणालो, आणि कंपनीची यादी उघडून पानं उलटत बसलो.