सोमवारी लिहिलेली गुरुवारची सभा

गुरुवारच्या सभेचं इतिवृत्त सोमवारीच लिहून ठेवायचं, ही शाळा मंडळाची जुनी रीत होती. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं आणि काय ठरलं, याची नोंद. ती सभेच्या आधी कशी लिहितात, असा प्रश्न मंडळाच्या लेखनिकबाईंना नोकरीच्या पहिल्या वर्षी पडला होता. पुढची आठ वर्षं त्यांनी तो गिळला. 'नागरिकांनी मनमोकळी चर्चा केली', 'ठराव सर्वानुमते मंजूर', असा मजकूर ठरलेलाच असे. बाईंनी तारीख आणि शाळेचा क्रमांक तेवढा बदलायचा आणि चहाला जायचं.

त्या सोमवारी क्रमांक होता सात, आणि बाईंची बोटं थबकली. सात नंबरची शाळा खालच्या वस्तीत होती, त्यांच्या भावाच्या घरासमोर. त्यांची आठ वर्षांची भाची चिमणी तिथेच शिकत होती. ठराव असा, की ही शाळा बंद करून मुलांना ट्रकच्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवावं आणि रिकाम्या इमारतीत मंडळाचं कार्यालय न्यावं. कारण लिहिलं होतं घटत्या पटसंख्येचं. खरं कारण अध्यक्षांनी सही करता करता स्वतःच सांगून टाकलं.

"आवार बघितलंत का बाई? दहा गाड्या आरामात राहतील. वर झाडांची सावली!"

न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर त्यांनी झोकात सही केली, खाली तारीखही घातली. मंडळाच्या सात सभासदांपैकी एकाचंही मूल मंडळाच्या शाळेत जात नव्हतं. मागे चार नंबरची शाळा अशीच बंद झाली, तेव्हा अकरा मुली नव्या शाळेत पोचल्याच नाहीत. कुणी भांडी घासायला लागली, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळायला. वस्त्यांमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, नोंद मात्र कुठेही नव्हती.

संध्याकाळी बाई भावाकडे गेल्या, तर वहिनी स्वयंपाकघरात उभ्या राहून भाषणाचा सराव करत होत्या. एका हातात कागद, दुसऱ्यात पळी. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून त्यांचे हात लाल झाले होते. समोर चिमणी मास्तरणीच्या तोऱ्यात बसली होती.

"आई, सारखं 'म्हणजे' म्हणायचं नाही."

"गप गं! वन्सं, बरं झालं आलात. गुरुवारची सुनावणी दुपारी दोनला ठेवलीय मेल्यांनी, अर्ध्या दिवसाची रजा काढलीय मी. तुम्ही तिथलं रोज बघता. आम्ही बोललो तर ऐकतात ना?"

खरं सांगायला बाईंची जीभ रेटेना.

"ऐकतात. नोंद होते."

"मग झालं तर. मी काही भांडायला येत नाही. एवढंच सांगणार, की आम्ही दोघं सकाळी सहाला कामावर. पोरगी एकटी तो रस्ता कशी ओलांडणार? घरीच बसवावी लागेल हो मला. आणि वर्गात पहिली येते ही."

बाईंना तिथे चहाही गोड लागेना.

गुरुवारी दारातच शिपायाने सगळ्यांना अडवलं. "आधी हजेरीची सही, मग आत." कागदाच्या वर चार बोटं जागा कोरी सोडलेली होती. सभा संपली, की त्या जागेत 'ठरावास पाठिंबा देणारे नागरिक' असा मथळा टाइप व्हायचा, आणि टाइप करणारे हात बाईंचेच असायचे. वहिनींनी सावकाश, वळणदार सही केली आणि नणंदेकडे पाहून हसल्या. बाईंना त्या कागदाची किळस आली, आणि मग स्वतःचीही.

सभासद समोर बसून बिस्किटं खात होते. एक जण मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं दिली होती. वहिनींनी नमस्कार केला, मुलीचा वर्ग सांगितला, आपलं काम सांगितलं. बोलण्यात त्या रस्त्यापर्यंत पोचल्या आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली.

"बाई, मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचंच बोलत होते साहेब. घंटा तुम्ही वाजवलीत."

"आपल्या भावना पोचल्या," अध्यक्ष हसून म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांची बशी जवळ ओढली.

वहिनी खाली बसल्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "वन्सं, लिहिलंत ना?"

बाईंच्या पेन्सिलीने कागदावर रेघही ओढली नव्हती.

"तर इतिवृत्त वाचलं असं समजून कायम करू," अध्यक्ष उठत म्हणाले.

"समजून नको. वाचते," लेखनिकबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. "'वस्तीतील नागरिकांनी शाळा बंद करण्याच्या निर्णयाचे मनःपूर्वक स्वागत केले.'"

लोक हसले. बाईंची काहीतरी गफलत झाली, असं त्यांना वाटलं.

"'रस्त्याबाबत कोणीही हरकत घेतली नाही. मुलींच्या मातांनी मंडळाचे विशेष आभार मानले.'"

आता कुणी हसलं नाही.

"बाई, चुकीचा कागद आहे तो," अध्यक्ष ओरडले.

"हाच आहे साहेब. सोमवारी मी टाइप केला. ही तुमची सही, तारीखही सोमवारचीच. आणि दारात घेतल्या त्या सह्या हजेरीच्या नाहीत. वरच्या कोऱ्या जागेत मी उद्या 'पाठिंबा' लिहिणार होते."

सगळ्यांत आधी वहिनी उठल्या. त्यांनी शिपायाच्या हातून कागद ओढला आणि आपल्या वळणदार सहीवर काट मारली. मागे रांग लागली. अध्यक्ष आणि सभासद मागच्या दाराने पसार झाले, ठराव तसाच टेबलावर राहिला. आपली नोकरी आता जाणार, हे बाईंना ठाऊक होतं.

वहिनी शाबासकी देतील, अशी त्यांना आशा होती. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"चार नंबरच्या शाळेचंही तुम्हीच लिहिलं होतंत?"

"हो."

"त्यांच्याही आया आल्या असतील. त्यांनीही आभार मानले असं लिहिलंत?"

बाईंनी मान खाली घातली. "हो."

वहिनींनी खुर्ची ओढली आणि एक कोरा कागद नणंदेपुढे सरकवला.

"बसा. मघाशी माझं अर्धं राहिलं, ते नंतर सांगते. आधी त्या अकरा मुलींची नावं लिहा."

लेखनिकबाईंनी पेन्सिल उचलली. त्यांना त्यातलं एकही नाव माहीत नव्हतं.