डबा नसलेला वेडा

नाटकातला वेडा कसा असतो हे गोडादऱ्यात, म्हणजे गुजरातेतल्या आमच्या मराठी वस्तीत, कुणी विचारलं, तर लोक माझ्याकडे बोट दाखवत. म्हणजे लेखक म्हणून. आमच्या सोसायटीच्या गणेश मंडळासाठी मी सात वर्षं दर वर्षी एक नाटक लिहिलं आणि सातही नाटकांत एक वेडा घातला. त्याचा शर्ट फाटका, गळ्यात पत्र्याचा डबा, गालाला कोळसा. तो विनाकारण हसायचा, बायकांच्या रांगेकडे पाहून नाचायचा आणि तिसऱ्या अंकात डोक्यात लाटणं पडलं की शहाणा व्हायचा. लाटणं पडताच टाळ्यांनी मांडव दणाणून जायचा, आणि त्या टाळ्या लेखनाला आहेत असं मी समजत असे.

मी भगवान पाटील. पोटासाठी लूमच्या कारखान्यात मास्तर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. वेड्याचं काम करायचा तो हिलाल, माझ्याच खात्यातला कारागीर. हा माणूस नुसता आत आला तरी लोक हसतात. सत्याण्णव साली श्रावण लागल्यावर मी नवं नाटक वाचून दाखवलं, तेव्हा हिलालने हात जोडले.

"मास्तर, सात वरीस व्हयनात. तोच डबा, तोच कोळसा. आते माले कटाळा उना."

"लोक डबाच देखाले येतस, भो," असं मंडळाचा अध्यक्ष वाल्मिक म्हणाला. त्याला कलेतलं काही कळत नाही, पण मंडप त्याच्या ओळखीने स्वस्तात येतो.

मला मात्र त्या दिवशी कलेचा उमाळा आला होता. मी हिलालला सगळ्यांदेखत चांगलं अर्धा तास झाडलं. म्हटलं, अभिनय म्हणजे निरीक्षण. डबा गळ्यात बांधून कुणी वेडा होत नसतो. जा, एखादा खरा माणूस शोध, पंधरा दिवस त्याच्यामागे सावलीसारखा राहा, आणि तो जे करतो ते जसंच्या तसं करून दाखव. एक बोटभर जास्त नको, एक बोटभर कमी नको. हे बोलून मी वही मिटली आणि घरी गेलो. असा मूर्खपणा माणूस आयुष्यात एकदाच करतो.

इथे माझ्या स्वभावाबद्दल थोडं सांगायला हवं. मी काळजीचा माणूस आहे. घरातून निघताना मी गॅस बघतो, मग दिव्यांची बटणं, मग कुलूप लावून तीनदा ओढतो. चार पावलं गेलो की गॅसचा संशय येतो. मग कुलूप काढायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. मध्ये कुणी हाक मारली तर ती फेरी धरायची नाही. शेवटी बायकोला विचारतो, "बंद शे ना?" प्रमिला म्हणते, "बंद शे." तिने सांगितलं की मला रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत बरं वाटतं. कारखान्याला आठवड्याची रजा असते त्या दिवशीही मी दोनदा जाऊन वीज मुख्य बटणावर बंद आहे की नाही ते पाहून येतो. मालक भूपेंद्रशेठनी यासाठी दिवाळीला सगळ्या कारागिरांसमोर माझा सत्कार केला आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. सांगायचा मुद्दा, याला कुणी आजार म्हणेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. घड्याळ दिलं होतं मला.

तर ते पंधरा दिवस हिलाल माझ्या अवतीभवती फार दिसू लागला. मी निघालो की समोरच्या ओट्यावर हा बिडी ओढत बसलेला. रजेच्या दिवशी कारखान्यावर गेलो, तर हा चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर. मला वाटलं, बोलणं लागलं पोराला, आता लेखकाचं महत्त्व कळलं. मी त्याला दोनदा चहा पाजला. वेडा सापडला का विचारलं, तर म्हणाला, "सापडना मास्तर. भलता कष्टाळू शे."

तालीम मंडळाच्या खोलीत होती. दहा-बारा माणसं होती, आणि प्रमिला चहाची किटली घेऊन आली होती. हिलाल आला तो इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन, केसांना तेल. माझा मूडच गेला. वाल्मिकने डबा आणि दोरी पुढे केली, तर याने मानेने नको म्हटलं.

मग तो मधोमध उभा राहिला आणि नसलेल्या दाराला नसलेलं कुलूप लावलं. तीनदा ओढलं. चार पावलं गेला, थांबला, मान तिरकी करून नाकाने वास घेतला आणि परत फिरला. कुलूप काढलं, आत गेला, गॅसच्या बटणावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत काही मोजलं. पुन्हा कुलूप. पुन्हा चार पावलं. माणसं खो खो हसत होती. तिसऱ्या फेरीला ती आणखी हसली. पाचव्या फेरीला हसणं कमी झालं, कारण हिलालच्या कपाळावर खरा घाम आला होता आणि तो थांबायला तयार नव्हता. सातव्या फेरीला त्याने कुलूप धरलेल्या आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे पण यात वेड कुठे आहे? हा तर जबाबदार माणूस झाला."

वाल्मिक छताचा पंखा पाहू लागला. हिलाल मात्र नाटकातच होता. तो मागे न वळता, माझ्याच आवाजात, रडवेल्या सुरात म्हणाला, "बंद शे ना?"

"बंद शे," दाराजवळून प्रमिला म्हणाली.

तिने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. ती कपात चहा ओतत होती आणि तिच्या तोंडून ते आपोआप निघालं, जसं बारा वर्षं दिवसातून वीस वेळा निघत होतं. मग तिच्या लक्षात आलं. तिने किटली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं हसते आहे.

मी त्या दिवशी हिलालला फार वाईट बोललो. मला वेडा म्हणतोस, म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, "मी तुम्हले येडा कधळ म्हणं? तुम्हीनच सांगं, खरा माणूस देख. माले तर देखी देखी रडू उनं." एवढं बोलून तो चपला घालून गेला. त्याने चपला एकदाच घातल्या, आणि मला त्याचा हेवा वाटला.

घरी प्रमिला ओट्यावर बसली. ती भांडणारी बाई नाही, म्हणून मला जास्त भीती वाटते. ती म्हणाली, "दादा आजारी व्हतात, तवयनी गाडी याद शे?" मला आठवत होती. तिच्या वडिलांनी बोलावलं होतं. आम्ही उधन्याच्या स्टेशनला जायला सकाळी निघालो, मी पाच वेळा परत फिरलो, आणि तिच्या माहेरची, अमळनेरची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्या सकाळी तिने मला चौदा वेळा "बंद शे" म्हणून सांगितलं होतं. ते तिने मोजलं होतं, हे मला आत्ता कळलं.

"मार्गशीर्षमा शीतलनं लगीन शे," ती म्हणाली. शीतल तिच्या भावाची मुलगी, हिच्या मांडीवर वाढलेली. "ती गाडी मी चुकावाव नही. तुम्हीन या, नहीतर कुलूप ओढत बठा." यानंतर ती भाकरी थापायला उठली, आणि मला कळलं की लग्नाला ती एकटी गेली, तर परत येण्याची घाई करणार नाही.

मग मी तिला ते सांगितलं, जे कुणालाच सांगितलं नव्हतं. गॅस बंद आहे हे मला ठाऊक असतं. डोळ्यांनी दिसतं, बोटाला लागतं. तरी आत कुणीतरी म्हणतं, समजा नसला तर? आणि लगेच जळलेलं घर दिसतं, त्यात शेजारची पोरं दिसतात, आणि ती माझ्यामुळे जळलेली असतात. हे खोटं आहे हे मला कळतं, आणि तरी हात जातो. हे बोलताना मला रडू आलं. प्रमिलाने भाकरी करपू दिली, आणि माझ्या संसारात भाकरी करपली ती त्याच दिवशी.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला सरकारी दवाखान्याच्या मानसिक विभागात नेलं. बाहेर बाकावर बसलेल्या माणसांत मी नजरेने डबा शोधला. एकाच्याही गळ्यात नव्हता. एक जण शिक्षक वाटत होता, एक बाई स्वेटर विणत होती. सात नाटकं लिहिणाऱ्या माणसाने हे आधी येऊन बघायला हरकत नव्हती.

डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, माझ्याशी हिंदीत बोलल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकदाही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाई, इसको ओसीडी बोलते हैं. बीमारी है. बहुत लोगों को होती है." गोळी लिहून दिली, आणि तिचा गुण यायला दीड-दोन महिने लागतील म्हणाल्या. वर गृहपाठ दिला. कुलूप एकदाच लावायचं आणि चालू पडायचं. भीती चढेल, चढू द्यायची. तपासून उतरवायची नाही, ती आपली आपण उतरते. मग प्रमिलाकडे वळून म्हणाल्या, "और आप जवाब मत देना. आप प्यार से जवाब देती हैं, बीमारी उसी पे पलती है." प्रमिलाने मान हलवली, पण तिचा चेहरा पडला. तिची बारा वर्षांची सेवा गैरलागू ठरली होती.

निघताना मी लेखक म्हणून विचारलं, की नाटकात याला बरा कसा करू? लाटणं चालेल का? बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, बरा होतो, पण तुमच्या तीन अंकांत नाही होणार.

हिलालची माफी मागायला मी चहा घेऊन गेलो, आणि आम्ही दोघांनी नाटक नव्याने बसवलं. ते वाल्मिकला शेवटपर्यंत पटलं नाही. गणपतीच्या पाचव्या दिवशी संध्याकाळी प्रयोग झाला. हिलाल इस्त्रीच्या शर्टात आला, लोक नेहमीसारखे हसले, आणि हळूहळू गप्प झाले. शेवटी तो कुलूप लावून उभा राहिला, हात पुन्हा वर गेला, हवेत थांबला, आणि पडदा पडला. टाळ्या वाजल्या नाहीत. मागून एक म्हातारा ओरडला, "आरे पन बंद व्हतं का नही?" वाल्मिकने माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा. पण प्रयोगानंतर सोसायटीतल्या दोन बायका आणि एक रिक्षावाला वेगवेगळे येऊन मला दवाखान्याचा पत्ता विचारून गेले. रिक्षावाला म्हणाला, मित्रासाठी हवा आहे.

गोळीने आधी नुसती मळमळ झाली. दसऱ्याला फेऱ्या सातच्या पाच झाल्या, दिवाळीला तीन. कधी पुन्हा सहा. रोज रात्री निजताना मी विचारायचो, "बंद शे ना?" आणि प्रमिला ओठ घट्ट मिटून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची. तिलाही ते सोपं गेलं नाही. एकदा तर तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

आणि मार्गशीर्षात लग्नाला निघायची सकाळ आली. मी गॅस बघितला, बटणं बघितली, कुलूप लावलं. एकदा ओढलं. दोन बॅगा उचलल्या आणि चालू लागलो. उधन्याला गाडी उभी होती, आम्ही चढलो, आणि ती हलल्याबरोबर मी विचारलं, "प्रमिला, बंद शे ना?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "माले काय मालूम."

बारडोलीला घराने पेट घेतला. व्याऱ्याला आमची खोली संपून आग शेजाऱ्यांकडे गेली. सोनगडला उतरून परत जायचं म्हणून मी दारापर्यंत गेलो, दांडा धरला, आणि गाडी सुटेपर्यंत तो धरून उभा राहिलो. नवापूरला सगळी सोसायटी जळत होती, बंबवाले माझं नाव विचारत होते. प्रमिलाने माझा हात हातात घेतला, पण तोंडाने एक शब्द काढला नाही. नंदुरबारला आग तशीच होती, फक्त मी तिच्याकडे जरा कमी बघत होतो. दोंडाईच्याला जळायला काही उरलं नाही, आणि मला भूक लागली.

प्रमिलाने भाकरी आणि ठेचा काढला. मी तीन भाकरी खाल्ल्या. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ठेच्याचं नाव पुढे करायला सोय होती म्हणून तिने पुसलंही नाही.

अमळनेरला उतरलो. स्टेशनच्या पुलावर ती एकदम थांबली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाली, "अहो, निघतावखत तुम्हीन गॅस देखा, मंग मी दूध तपाडं व्हतं. मी गॅस बंद करा का नही, माले खरंच याद नही."

मी बॅगा खाली ठेवल्या. मग पुन्हा उचलल्या आणि म्हणालो, "माले काय मालूम." ती आधी चिडली, मग हसायला लागली, आणि पुलावरच्या लोकांना रस्ता देत आम्ही दोघं खाली उतरलो. बाहेर शीतल स्वतः टांगा घेऊन उभी होती, हात हळदीने पिवळे, आणि आत्याला पाहून ती रस्त्यातच तिच्याकडे पळत सुटली.

आता घराचं पुढे काय झालं, असं तुम्ही विचाराल. सांगणार नाही. डॉक्टरीणबाईंची मनाई आहे.