वारा नसताना वाजलेली घंटा

अगं तू फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी हसत सुटेन आणि सगळं राहूनच जाईल!

अंथूलाचं लग्न, माझ्या चुलतबहिणीचं. तू बसलीस तिकडे यानिना शहरात परीक्षा देत. नवरदेव झिसिस, नदीपलीकडचा. आता आपली रीत म्हणजे नवरदेवाने जुन्या दगडी पुलावरून चालत येऊन नवरीला न्यायचं, आणि झिसिसला उंचीवर गरगरतं! चेरी काढायला चढला तरी उतरवायला दोन माणसं लागतात. त्यात आपला पूल, एकच कमान, चर्चच्या मनोऱ्याहून उंच, माथ्यावर जेमतेम पावाएवढी जाड, आणि कठडा म्हणून गुडघ्याएवढे दगड.

"तो नाही आला ना फ्रोसो," अंथूला मला म्हणाली, "तर बाबा जन्मभर त्याला सिमेंटचा जावई म्हणतील."

खालच्या अंगाला गाड्यांचा सिमेंटचा पूल आहे ना, म्हणून.

मग तिलाच सुचलं. घंटा! कमानीच्या पोटाला टांगलेली ती. पूर्वी वाऱ्याने खेचरं नदीत पडायची, म्हणून खेचरवाल्यांनीच लावलेली. काठावर वारा जाणवो न जाणवो, ती वाजली की पुलावर पाऊल टाकायचं नाही, पाद्रीबाबा असोत की नवरदेव. मग झिसिस मानाने सिमेंटवरून येईल, कोण नावं ठेवणार?

आदल्या दिवशी मी माथ्यावर पालथी, अंथूला माझ्या पायांवर बसलेली. मेंढपाळाच्या आकडीवाल्या काठीने घंटा ओढून घेतली नि तिला गळाची तंगूस बांधली. आणि लग्नादिवशी मी पलीकडच्या खांबातल्या खिडकीत. पूल दोनदा पुरात वाहून गेला तेव्हा कुठे गवंडी शहाणे झाले आणि पाणी जायला ती खिडकी ठेवली. बहुतेक माझ्याच मापाची!

पलीकडच्या काठावर झिसिसची वरात आली, क्लॅरिनेट जोरात. मी तंगूस ओढली. टण टण टण!

"थांबा! घंटा!" लियाकोस आजोबा ओरडले, झिसिसचे. "चला, सिमेंटवरून."

आणि झिसिस काय म्हणाला असेल? "आजोबा, वारा नसताना मी घाबरायचो तर सगळे हसायचे. आज घाबरायची सगळ्यांनाच परवानगी आहे. आता रांगत गेलो तरी कोण हसेल?"

आणि निघाला की गं! नव्या कोटात, चार पायांवर!

"अरे वेड्या, मागे फिर!"

"घंटा वाजतेय तोवर जाऊ दे मला!"

आता मी थांबू कशी? थांबले तर रांगणाऱ्या नवरदेवाला अख्खं गाव हसणार. ओढतेय, ओढतेय, हात गेले माझे. माथ्यावर पोचून त्याने खाली डोकावलं. तंगूस दिसली. मग मी दिसले. चिनाराचं पानसुद्धा हलत नव्हतं गं!

त्याने माझ्याकडे बघितलं, स्वतःची टोपी काढली, नदीत फेकली आणि बोंबलला, "आई गं, काय वारा आहे!"

आपल्या काठाला उतरला तेव्हा अंथूला हसून हसून रडत होती, आणि काका त्याला मिठी मारून "माझा वाघ, माझा वाघ" करत होते.

पण जेवणावळीत लियाकोस आजोबा शपथेवर सांगायला लागले की असा वारा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि काका माझ्याकडे वळले. "फ्रोसो, तू तेव्हा खाली नदीजवळच होतीस ना गं? मग तुझा एक केस कसा विस्कटला नाही? खरं सांग, होता का वारा?"

क्लॅरिनेट थांबलं. झिसिसचा घास हातातच. तंगूस ओढून उठलेले लाल वळ मी मुठीत झाकलेले.

सांग, तू असतीस तर काय म्हणाली असतीस?