वीतभर झरोका

"अजून कुटार टाक वं. चिखल ढिला हाय," तुळसाबाई वरून म्हणाली.

प्रभावतीने लुगडे खोचून घेतले, मूठभर कुटार, गव्हाचा भुसा, चिखलात टाकले आणि पुन्हा तुडवायला लागली. मृगाला दोन दिवस राहिले होते. ती कळंबहून आईला भेटायला नेरला आली आणि आल्या पावली तिच्या पायाला चिखल लागला.

माळ्यावरचा झरोका बुजवायचा होता. वीतभर लांब, वीतभर रुंद. त्या माळ्याला हवेची तेवढीच एक वाट होती, आणि त्या माळ्यावर तिची आई, तुळसाबाई, राहत होती.

घर नागोरावचे, तिच्या मुलाचे. तो तहसिलीत कारकून होता. वस्ती सोडून बाजाराच्या बाजूला घर घेणारा त्यांच्यातला तो पहिला. घर घेतल्यावर त्याने सगळ्यात आधी छपरावरची मातीची कवेलू उतरवली आणि पत्र्याच्या टिना टाकल्या. बाप उकंडा जन्मभर गावाची कवेलू फेरत आला होता. दर उन्हाळ्यात लोकांच्या घरावर चढायचा, फुटकी कवेलू काढायचा, नवी बसवायचा आणि उतरताना आढ्याजवळचे एक कवेलू मुद्दाम उचलून ठेवायचा. "घराले नाक लागते," म्हणायचा. छप्पन साली तो नागपूरला जाऊन आला, घरातले देव नदीत सोडले, पण कवेलू उचलून ठेवायची सवय मरेपर्यंत सोडली नाही. नागोरावला मात्र कवेलू दिसले की बापाचे काळे पाय आठवत. टिनेला उचलायला काही नसते.

खालच्या दोन खोल्यांपैकी एकीत नवरा-बायको, दुसरीत खुर्च्या. आई माळ्यावर.

"काहून बुजवून राह्यला रे झरोका?" प्रभावतीने सकाळीच विचारले होते.

नागोराव दाढी करत होता. "भगवानराव म्हणतात, त्याच्यातून त्यांच्या विहिरीवर नजर पडते. बायामाणसं पाणी भरतात."

"मायले दहा हातावरचं दिसत नाई. ते कोनावर नजर टाकते?"

"मायचा खोकला त्यांच्या देवघरात ऐकू जाते, अक्का. त्यांनी तोंडावर सांगतलं मले." त्याने वस्तरा पुसला. "इथं राह्याचं हाय आपल्याले. शेजारी चांगला पायजे."

"मंग गवंडी बोलाव."

"गवंडी कायले? घरातच आहे ना गवंडी," वहिनी चुलीपासून म्हणाली आणि हसली.

तुळसाबाईही हसली. तिला यात वावगे काही वाटले नाही. तीस वर्षे तिने लोकांच्या भिंती लिपल्या होत्या. तिने लिपलेल्या भिंतीला तीन पावसाळे तडा जात नसे, आणि हे ती कुणी विचारले नाही तरी सांगायची.

प्रभावती चिखलाचे गोळे टोपल्यात भरून शिडीने वर देत राहिली. माळ्यावर उभे राहता येत नव्हते. तुळसाबाई गुडघ्यांवर बसून आधी विटांचे तुकडे दाबून बसवत होती, मग चिखल. उजेड आधी हाताएवढा होता, मग रुपयाएवढा, मग सुईएवढा.

"माय, थोडंसं राहू दे. बोटभर. कोनाले दिसनार नाई."

"अर्धं काम करू काय मी?" अंधारातून आई म्हणाली. "उद्या त्यो भगवानराव बोट घालून पाह्यन, अन् म्हनन, उकंड्याच्या बायकोले लिपता येत नाई."

सुईएवढा उजेडही गेला. वरून चार बोटे फिरवल्याचा ओला आवाज तेवढा येत राहिला. बऱ्याच वेळाने ती खाली उतरली. घामाने भिजली होती, पण चेहऱ्यावर काम जमल्याचे समाधान होते.

संध्याकाळी भगवानरावांनी खरेच त्यांच्या बाजूने भिंत पाहिली. "वा," म्हणाले. "काम पक्कं झालं." नागोरावच्या चेहऱ्यावर असा आनंद प्रभावतीने त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

श्रावणात ती पुन्हा आली. शिडी चढताच कुबट, आंबूस वासाने तिच्या नाकात मुंग्या आल्या. टिनेवर पाऊस नव्हता, तरी टिनेतून थेंब गळत होते.

"टिनाले घाम येते," आई म्हणाली. "माहाच श्वास वर जाते अन् माह्यावरच पडते. पाह्य कशी गंमत."

गोधडीवर पांढरी बुरशी चढली होती. उशाशी ठेवलेल्या भाकरीवर हिरवी. तुळसाबाईच्या छातीतून भात्यासारखा आवाज येत होता. बोलता बोलता ती थांबायची, तोंड उघडे ठेवायची, आणि पुन्हा तेच वाक्य पुढे न्यायची.

प्रभावती तशीच खाली आली. "मायले खाली घे. नाईतर झरोका फोड. आत्ताच्या आत्ता."

"भर पावसात भिंत फोडू? पोया होऊ दे. उघाड पडली का पाहू."

"खुर्च्या काढ खोलीतल्या."

"शनिवारी नायब साहेब येऊन राह्यले चहाले." नागोरावने आवाज खाली केला. "अन् तुले एवढा पुळका हाय, तर ने ना कळंबले."

तिने तेही आईला विचारले. "चाल माह्यासंगं."

"एकाच खोलीत तू, जावई, तीन लेकरं. मी कुठं, खुंटीवर टांगतं?" आई हसली, आणि त्या हसण्याचा खोकला झाला. खाली वहिनीने दार आपटले. खोकला ऐकू जाऊ नये म्हणून तुळसाबाईने गोधडीचा बोळा तोंडात धरला. त्याच बुरशीच्या गोधडीचा.

"पोया झाला का येतो न्यायले," प्रभावती म्हणाली. "खोली पाहतो दुसरी."

पोळ्याच्या चार दिवस आधी तार आली.

ती पोहोचली तेव्हा आई खालच्या खोलीत होती. खुर्च्या अंगणात काढल्या होत्या.

पौषात वहिनी बाळंत झाली, म्हणून प्रभावतीला यावे लागले. माळ्यावर आता पोती होती. भगवानरावांच्या कोठारात जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी बियाण्याची सरकी नागोरावकडे ठेवली होती. अवकाळी पाऊस झाला आणि सरकी दमट होऊन तापायला लागली.

"हवेशिवाय कसं जमते, नागोराव?" भगवानराव अंगणात उभे राहून म्हणाले. "बियाणं हाय. जिवंत वस्तू. तो झरोका फोडून टाका."

त्याच दुपारी बाबुलाल मिस्त्री आला. भगवानरावांच्याच बाजूने शिडी लावून त्याने सब्बल, लोखंडी पहार, मारली. सब्बल उसळून परत आली. पुन्हा मारली. चिखलाचा कण पडला नाही.

"अरे बाप्पा! हे कोनं लिपलं? लोखंड हाय का काय?" तो घाम पुसत म्हणाला. "असा हात आता नाई राह्यला गावात."

भगवानराव नागोरावकडे पाहत होते.

"होती एक मजूर बाई," नागोराव म्हणाला.

कुंपणाच्या अलीकडे प्रभावती तान्ह्या मुलाला घेऊन उभी होती. तिने मूल दुसऱ्या खांद्यावर घेतले.

"चिखल म्या तुडवला होता," ती म्हणाली.

बाबुलालने पुन्हा सब्बल उचलली.

तिने मूल वहिनीजवळ नेऊन ठेवले आणि शिडीने माळ्यावर गेली. पोत्यांमधून सरकत भिंतीपाशी बसली. आतल्या बाजूला चार बोटांचे फराटे तसेच्या तसे होते. तिने त्यांत आपली चार बोटे ठेवली. पलीकडून घाव बसला की तो बोटांना कळत होता.

सुईएवढा उजेड आला. मग रुपयाएवढा. मग बाबुलालचा हात आत आला, आणि त्यामागून गार वारा. आई उशाशी भाकरी ठेवायची, तिथे एक पोते होते. उजेड त्या पोत्यावर पडला.

"लागते काय हवा?" खालून नागोरावने विचारले.

"लागते," ती म्हणाली.