भागवतला दिलेलं आवतण

शेषेरावांना रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी दरवर्षी न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना एकमेकांना भिडले, की अहमदपूरजवळच्या त्या घरात बाप टीव्हीपुढच्या बाजेवरून उठायचा नाही. नाद लेकाचा, भागवतचा. नांदेडच्या कॉलेजात तो रग्बी खेळायचा. स्क्रममध्ये आठ-आठ गडी खांदे भिडवून रेटू लागले, की हा घरी बापाला खांदा लावायचा. "रेटा आबा!" म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी लोह्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली आणि सगळंच संपलं.

यंदा न्यूझीलंडचा सामना नेमका पोळ्याला आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करायची, पण जोडी विकून ट्रॅक्टर आलेला. मग तूप-हळद लावायची कुणाला? या शहाण्या माणसानं भागवतची जर्सी काढली, तिच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि बैलांना देतात तसंच आवतण दिलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

त्यांच्या बायकोच्या, सिंधुबाईंच्या हातातली पळीच पडली. "अवो, गेलेल्या लेकराला आवतण देतेत व्हय? खरंच आला म्हंजी?"

"येऊ दे की," शेषेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामना लागला. काळ्या जर्सीतल्या गड्यांनी मांड्या थोपटून आरोळ्या दिल्या. थोड्या वेळानं पहिला स्क्रम झाला आणि शेषेरावांच्या उजव्या खांद्याला कुणीतरी खांदा लावला. जड, ओशट, तुपाचा वास येणारा. बाज करकरली. वळून बघायचा त्यांना धीर झाला नाही. सदऱ्यावर पिवळा डाग पसरत होता. भीती होतीच, आणि तरी आनंदानं डोळे भरून आले होते. त्यांनीही जीव खाऊन रेटलं.

सामना संपला. सिंधुबाई पुरणपोळीचं ताट घेऊन आल्या. नवऱ्याशेजारी बाजेवरची रिकामी जागा खोल दबलेली दिसली आणि त्या जागीच थिजल्या.

"वाढू नगंस," शेषेराव कुजबुजले. "आवतणाचा पाव्हणा हाय. जेवला की निघंल."

मग रिकाम्या जागेतून आवाज आला, अगदी त्याचाच. "आई, लई भूक लागली. वाढ की."

ज्या आईनं त्याला कधी अर्ध्या पोटी शाळेत धाडलं नाही, ती खाली बसली. ताटावर तिनं पदर ओढला.

"उद्या वाढते, बाळा," ती म्हणाली.