नारिंगी पिशवीची पारख

त्रिंबकनं पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवलं आणि आत डोकावून पाहिलं. आष्टीच्या बाजारात मेंढ्याचे दात बघताना तो असाच वाकायचा. दात दिसले नाहीत. मग त्यानं पिशवीच्या पोटाला चिमटा काढला, पाठ दाबली, दोन्ही पट्टे कानांसारखे ओढून पाहिले आणि शेवटी एका बोटाला अडकवून ती वर उचलली.

"यात काय हाय?"

"काई न्हाई आबा. रिकामी हाय," रेणुका म्हणाली.

"रिकामी तं हायच. पण पिशवी कुठंय? हे तर नुसतं वरचं कव्हर वाटून राह्यलं."

"हलकीच पाह्यजे असती. शेवटच्या दिवशी शिखरावर जाताना एवढीच पाठीवर घ्यायची. बाकी सामान खाली तंबूत."

त्रिंबकनं पिशवी ओट्यावर ठेवली. नारिंगी कापड, निळी जाळी, आणि जिथं तिथं लोंबणारे बंद. बर्फाच्या डोंगरावर जायला निघालेली वस्तू अशी, की बायकोनं, आसराबाईनं, चुलीवर फुंकर मारली तर वाटूर फाट्यापर्यंत उडत जाईल.

डोंगर हिमाचलात होता. संभाजीनगरच्या ज्या क्लबातून रेणुका कॉलेजपासून कडे चढत होती, त्यांच्या आठ जणांच्या तुकडीत तिचं नाव होतं. क्लबच्या सरांनी प्रत्येकाला अशी एक पिशवी दिली होती. आठ दिवस वजन घालून वापरा, मोबाइलवर फॉर्म भरा, आणि त्याच फॉर्मात घरच्यांचा होकार कळवा. होकार नसेल तर जागा दुसऱ्याला.

"आबा, मंग जाऊ ना?" रेणुकेनं विचारलं होतं.

त्रिंबकनं बावीस वर्षांत या पोरीला कशालाही नाही म्हटलेलं नव्हतं. त्यामुळं त्याला त्याचा सराव नव्हता. तो घसा खाकरून म्हणाला होता,

"आधी पिशवी बघू."

आता पिशवी बघून झाली होती आणि पोरगी समोरच उभी होती.

"आठ दिस मी राखतो हिला," त्रिंबक म्हणाला. "मेंढा घेतला तरी आपण आठ दिस कळपात ठिवून बघतो. टिकला तर आपला. न्हाई तर वापस."

"आन वापस गेली तर?" आसराबाईनं आतून विचारलं.

उत्तर तिघांनाही कळलं होतं. पिशवी टिकली तर पोरगी जाणार, फाटली तर राहणार. त्याला मनातून बरंच वाटलं. असलं पातळ कापड दोन दिवसांत चिंध्या होणार होतं. नकार पिशवी देणार होती, त्याला तोंड उघडायचं काम नव्हतं.

"अव्हो, मला बघायला आल्ते तवाबी इतकं निरखलं नव्हतं," आसराबाई म्हणाली.

"तवा वापस करायची सोय नव्हती."

पहिल्या दिवशी त्रिंबकनं पिशवीत भाकरी, पाण्याची बाटली, मिठाचा खडा आणि चार दिवसांचं एक कोकरू भरलं. कोकराचं डोकं बाहेर काढून बंद आवळला आणि तो एकशे दहा मेंढरांमागं निघाला. धोतर, मुंडासं, आणि पाठीवर नारिंगी पिशवी. मेंढरं त्या आठवड्यात भुजंगरावांच्या रिकाम्या रानात खतासाठी बसवली होती. बांधावर भुजंगराव उभेच होते.

"काय त्रिंबक, शाळेत नाव घातलं का?"

"तपासणी चालू हाय मालक."

"कुणाची?"

"पिशवीची."

भुजंगरावांनी कोकराकडं पाहिलं. कोकरानं भुजंगरावांकडं पाहिलं. मग भुजंगरावांनी वाट सोडली.

कोकरू दुपारपर्यंत आत झोपलं. एरवी ते बगलेत धरलं की तासाभरात त्रिंबकचा हात भरून यायचा. आज हात मोकळे होते. मोकळ्या हातांचं काय करायचं हे माहीत नसल्यानं तो त्यांना मागं बांधून एखाद्या तहसीलदारासारखा रानभर फिरला. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं, "आज काई झालं न्हाई तिला." आवाजात जराशी नाराजी होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती येड्या बाभळीतून ओढली. काट्यांनी तिला ओरखडे काढले, आत शिरले नाहीत. तिसऱ्या दिवशी हौदात बुडवली. बाहेर काढली तेव्हा मिठाचा खडा जाग्यावर होता, पण मवाळ झाला होता. त्रिंबकनं आशेनं रेणुकेला बोलावलं.

"पाणी शिरलं."

"आबा, हौदात बुडवायची नसती ती. हिमालयात हौद न्हाई."

"नक्की?"

"बिलकुल नक्की."

त्यानं ते मान्य केलं. तपासणी करायची तर बराबर करायची, उगाच आळ घ्यायचा नाही, असं त्याचं मत होतं. मेंढा लंगडत नसेल तर लंगडतो म्हणून वापस करणाऱ्यांतला तो नव्हता.

पिशवीच्या एका बाजूला एक जाड फासा होता. तो बर्फातली कुऱ्हाड अडकवायला असतो, हे रेणुकेनं सांगितलं. त्रिंबकनं त्यात बाभळीचा पाला ओढायची आकडी अडकवली. ती इतकी चपखल बसली, की डोंगर चढणारे लोक मुळात मेंढपाळच असणार, याबद्दल त्याची खात्री पटली.

चौथ्या दिवशी छातीवरच्या पट्ट्याच्या बकलात धूळ बसली म्हणून त्यानं फुंकर मारली, तर बकल किंचाळलं. आत शिट्टी होती. एकशे दहा मेंढरांनी एकदम माना वर केल्या आणि ती त्याच्याकडं चालत आली. वीस वर्षं त्यानं "हुर्र, हुर्र" करून घसा बसवला होता. तेव्हा निम्मी यायची आणि उरलेली विचार करायची. त्रिंबकला मेंढरांचा भयंकर राग आला. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यानं शिट्टी परत वाजवली.

आता राहिली थंडी. मे महिना होता आणि परतूर तालुक्यात सावलीतसुद्धा भाकरी भाजली गेली असती. त्रिंबकनं विचार केला आणि सहाव्या दिवशी दुपारी मेंढरं रेणुकेवर सोपवून तो वाटूर फाट्यावर राधेश्यामच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात गेला.

"काय देऊ?" राधेश्यामनं विचारलं.

"काई न्हाई. ही तुमच्या आईस्क्रीमच्या पेटीत दुपारभर ठिवायची."

"यात काय हाय?"

"काई न्हाई."

"मंग गार काय करायचंय?"

"पिशवीच."

राधेश्यामनं फडकं बाजूला ठेवलं. "त्रिंबकआबा, कवापासून असं होऊन राह्यलं तुमाला?"

"पोरगी बर्फाच्या डोंगरावर चालली," त्रिंबक म्हणाला. मग घाईनं म्हणाला, "म्हणजे, जाती का न्हाई ते हिच्यावर हाय."

राधेश्यामनं पिशवीकडं पाहिलं, त्रिंबककडं पाहिलं, आणि आंब्याचे मोठे डबे एका बाजूला सारून जागा केली. त्रिंबक बाकावर बसला. दर दहा मिनिटांनी तो उठायचा, झाकण उघडून आत बघायचा.

"सारखं उघडू नका हो, आईस्क्रीम पातळ होतंय."

"एकटी हाय ती," त्रिंबक म्हणाला.

तीन तासांनी पिशवी बाहेर आली. बंद ताठले होते, कापड कुठं तडकलं नव्हतं, आणि तिला आंब्याचा वास येत होता. तो वास दोन दिवस गेला नाही. मेंढरं तिला चाटायला यायची आणि त्रिंबक "हाड, तिला नका तरास देऊ," म्हणून आकडी उगारायचा.

सहाव्या दिवशी रात्री जेवताना तो म्हणाला, "आज तिनं लई सहन केलं."

"कुणी?" आसराबाईनं विचारलं.

"पिशवीनं."

आसराबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि रेणुकेकडं पाहिलं. रेणुका ताटाकडं बघत होती. तिचा कान मात्र बापाकडंच होता. पहिल्या दिवसापासून ती असंच करत होती. सकाळी पिशवी रानात जाताना बघायची, संध्याकाळी परत आली की तिच्या शिवणींवरून बोट फिरवायची आणि ती खुंटीला टांगायची.

आठव्या दिवशी काहीच तपासायचं नव्हतं. त्रिंबक आपला सवयीनं कोकरासकट ती पाठीवर घालून गेला. दुपारी कोकराची आई तारेच्या कुंपणापलीकडं गेली म्हणून तो दोन तारा फाकवून वाकला, पलीकडं गेला, मेंढी हाकलली आणि परत आत येताना पाठीमागं टर्रकन आवाज झाला.

त्यानं पिशवी पुढं घेतली. बुडाजवळ चार बोटं फाटली होती. फाटलेल्या जागेतून कोकराचा मागचा पाय बाहेर आला होता आणि हवेत चालत होता.

त्रिंबक बांधावर बसला. त्यानं कोकरू काढून खाली ठेवलं. भोकात बोट घातलं. बोट आरपार गेलं. हेच तर हवं होतं. आता घरी जायचं, पिशवी ओट्यावर ठेवायची, आणि एक वाक्य बोलायचं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यानं ते वाक्य मेंढरांना म्हणून पाहिलं.

"फाटली बघ, पोरी."

ते जरा मोठ्यानं झालं. खूश असल्यासारखं. त्यानं घसा साफ केला.

"फाटली, पोरी. आता काय करतीस?"

हे तर त्याहून वाईट झालं. एका मेंढीनं चरणं थांबवलं होतं. पिशवी त्याच्या मांडीवर उताणी पडली होती. आठ दिवसांत तिनं त्याला एकदाही दगा दिला नव्हता, आणि आजही चूक तिची नव्हती. वाकायचं किती, हे त्याला कळलं नव्हतं.

मेंढरं सरकत सरकत पार नाल्यापाशी गेली तरी त्यानं शिट्टी वाजवली नाही. मग त्यानं कोपरीच्या खिशातून घोंगडं शिवायचं दाभण काढलं, काळ्या लोकरीचा दोरा ओला करून ओवला, आणि पिशवी उलटी करून आतल्या बाजूनं टाके घालायला लागला. जवळ जवळ, बारीक, एकावर एक. आसराबाईच्या लुगड्यालासुद्धा त्यानं कधी इतका बारीक टाका घातला नव्हता. शेवटी दातांनी दोरा तोडला, पिशवी सुलटी केली, आत दोन्ही मुठी घालून जोर लावला.

शिवण तसूभर हलली नाही.

घरी आल्यावर त्यानं पिशवी रेणुकेच्या हातात दिली आणि पाय धुवायला गेला. धुतलेले पाय परत धुतले. ओट्यावर आला तेव्हा रेणुका पिशवीत हात घालून लोकरीचे केस काढत होती आणि शेजारी मोबाइल उघडा होता. आसराबाई चहा घेऊन आली.

"बसा आबा. फॉर्म भरू. किती वजन घातलं?"

"कोकरू धर."

"पाच किलो. कोणत्या हवामानात वापरली?"

"उन्हात. आन राधेश्यामकडं."

"किती उंचीवर?"

"भुजंगरावाच्या बांधावर. चांगला कमरेइतका हाय."

रेणुकेनं हसू दाबत काहीतरी लिहिलं. पिशवीतला तिचा दुसरा हात बुडापर्यंत गेला आणि तिथं थांबला. जरा वेळ तो तिथंच राहिला. पुढचा प्रश्न विचारताना तिनं वर पाहिलं नाही.

"कुठं फाटली का?"

त्रिंबकनं मुंडासं सोडलं, झटकलं, परत बांधलं.

"न्हाई."

रेणुकेनं मोबाइलवर अंगठा टेकवला. आसराबाई कपात चहा ओतत होती.

"पुढचं. दुरुस्तीला सोपी आहे का?"

"एकदम सोपी," त्रिंबक ताडकन म्हणाला. "आतून टाका घालायचा. बाहेरून घातला का दोऱ्यावरून पाणी आत उतरतंय. आन दोरा सुताचा बिलकुल न्हाई, लोकरीचाच पाह्यजे. भिजला का फुगतो आन भोक..."

तो थांबला. कप भरून चहा बशीत आला होता.

रेणुकेची मान खालीच होती. तिची बोटं मात्र चालूच होती.

"भोक काय आबा?"

"बुजवतो," त्रिंबक हळूच म्हणाला.

"बुजवतो." तिनं लिहिलं, परत वाचलं. मग मोबाइल त्याच्यापुढं धरला. "आता शेवटचं. घरच्यांचा होकार. हे तुमी दाबायचंय."

पडद्यावर होय आणि नाही असे दोन चौकोन होते. त्रिंबकनं ते निरखून पाहिले. मग मोबाइल सोडून त्यानं पिशवी ओढून घेतली, वरच्या झाकणाचा लहान खिसा उघडला आणि रेणुकेला आत दाखवलं.

"हे दाभण इथंच राहू दे. दोरा ववून ठिवलाय. तिकडं गारठ्यात तुला ववता यायचा न्हाई."