अख्खा अंगरखा

बावीस वर्षं ताईने कपड्यांच्या कारखान्यात फक्त कॉलर शिवली. पलीकडची बाई बाह्या जोडायची, तिच्या पलीकडची बटणं लावायची. शर्ट पुरा झालेला ताईला कधी दिसायचाच नाही. मग कॉलर शिवणारं यंत्र आलं आणि ताई घरी बसली.

तिचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली. आठवड्यातून तीन दुपारी त्याला चार-चार तास डायलिसिसला पडून राहावं लागे. एक हात सुयांना देऊन दुसऱ्या हाताने तो लॅपटॉपवर एक खेळ खेळे. त्यात देशोदेशीची हजारो माणसं एकाच वेळी लढत, भटकत, बाजार करत. भाऊ तिथे योद्धा होता. उशी उचलायची ताकद नव्हती, पण तिथे राक्षस लोळवायचा.

"ताई, तूही ये ना खेळात," तो एकदा फोनवर म्हणाला. "तू माल बनव, मी विकतो. दोघांचं दुकान टाकू."

खेळात धंदा एकदाच निवडता येई. भावाने दोन आठवडे पडल्या पडल्या बाजाराचा अभ्यास केला. "औषधं घे. प्यायली की संपली, गिऱ्हाईक परत दारात. शिंपीकाम मात्र घेऊ नकोस. शिंपी तिथे पैशाला पासरी."

ताई हो म्हणाली. पण पडद्यावर धंद्यांची चित्रं आली, त्यात कात्री दिसली, आणि तिचं बोट कात्रीवर गेलं.

भाऊ भडकला. "जन्मभर कॉलरी शिवून पोट भरलं नाही तुझं? खेळातही तेच?"

"कॉलरच शिवली रे. अख्खा कपडा एकदाही नाही."

"मग शिव! मी इथे सुया टोचून घेत तुझ्यासाठी डोकं चालवलं, त्याची हीच किंमत?"

त्याने फोन ठेवला. तिनेही परत केला नाही. दोघंही एकाच मुशीतली. आधी बोलेल तो हरला, असं लहानपणापासूनचं.

ताई एकटीच खेळू लागली. रानात हिंडून कापूस वेचायचा, सूत कातायचं, कापड विणायचं. पहिली टोपी कुणी फुकटही घेतली नाही. भावाचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी तीन आठवडे खपून तिने त्याच्यासाठी एक निळा अंगरखा शिवला. गळा, पाठ, बाह्या, अस्तर, सगळं स्वतः. खेळातल्या टपालाने पाठवताना सोबत ओळ लिहिली: "कॉलर सोडून बाकी सगळं पहिल्यांदाच शिवलंय. चुकलं असेल तर हस."

उत्तर आलं नाही. अजून फुगलाय, असं ताईला वाटलं.

पाचव्या दिवशी भावजयीचा फोन आला. रक्तात संसर्ग झाला होता. अतिदक्षता विभागात चार दिवस काढून तो सकाळी गेला होता.

ताई पोचली तेव्हा त्याचा लॅपटॉप कपाटावर पिशवीत तसाच होता. तेराव्या दिवशी, भांडी विसळता विसळता, तिने भावजयीला विचारलं, "त्याने माझं नाव काढलं होतं का गं?"

भावजयीने नळ बंद केला. "काढलं ना, ताई. खूपदा."

ती खोटं बोलत होती. ताईला ते कळलं, आणि कळल्याचं भावजयीलाही. ताईने तिच्या ओल्या हातावर हात ठेवला. दोघींनी मग उरलेली भांडी पुसली.

घरी आल्यावर बरेच दिवस तिने खेळ उघडला नाही. एका दुपारी, भावाच्या डायलिसिसच्या वेळेला, तिला राहवलं नाही. टपालपेटी लुकलुकत होती. आत एकच पार्सल: "तीस दिवसांत कोणी न घेतल्यामुळे परत."

निळा अंगरखा होता. तिची ओळही त्याला चिकटून आली होती.

बाजारात मांडावा, असं तिच्या मनात आलंच नाही. निदान आपण घालावा, एवढंच वाटलं. तिने तो खेळातल्या आपल्या शिंपिणीच्या अंगावर ओढून पाहिला. अंगरखा पुन्हा शिंपिणीच्या पिशवीत जाऊन पडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: "हे वस्त्र फक्त योद्ध्यांसाठी आहे."